वाटेचा हक्क

प्राथमिक शाळेतल्या मुलांनी घरी काय शिकावे आणि कशाच्या साहाय्याने शिकावे, या विषयावर काही लिहा, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा हे काम एखाद्या शिक्षकाचे आहे असे मी मनाशी म्हटले. मी व्यवसायाने वकील. अक्षरांशी माझा संबंध येतो तो अर्ज, कैफियती आणि खरेदीखते यांच्या द्वारे. मुलांशी येतो तो घरच्या धाकट्या कन्येमुळे आणि तिच्यासवे आमच्या ओटीवर संध्याकाळी जमणाऱ्या पाच-सात शेजारच्या पोरांमुळे. परंतु गेली तीन वर्षे ही ओटी मला जे दाखवीत आली आहे, ते कोर्टाच्या कामकाजाहून कमी गंभीर नाही. म्हणून हा प्रपंच.

आम्ही राहतो किलवणीस. सिल्वासाच्या आसमंतातले कारखाने मागे पडले की भातखाचरे लागतात, आणि खाचरांच्या कडेने विखुरलेले पाडे. मूळचे आम्ही अंत्रुज महालातले. कुलदेवता कवळ्याची श्रीशांतादुर्गा. वडील नोकरीच्या निमित्ताने नगर हवेलीत आले आणि इथलेच झाले. आजी मरेपर्यंत कोकणीच बोलली. वडील पत्र लिहीत ते मराठीत. बाजारात गुजराती, कचेरीत हिंदी आणि इंग्रजी, आणि अंगणाबाहेर पाऊल टाकले की वारली. एका दिवसात सहा भाषा कानांवरून जाव्यात आणि त्याचे कोणास नवल वाटू नये, असा हा मुलूख आहे. 2011 च्या खानेसुमारीत इथली वस्ती 3,43,709 भरली. त्यांतले निम्म्याहून अधिक लोक आदिवासी, आणि त्यांत वारल्यांची संख्या सर्वांत मोठी.

कायद्याच्या विद्यार्थ्याला दादरा व नगर हवेलीचे नाव आणखी एका कारणासाठी ठाऊक असते. मराठ्यांनी 1783 साली पोर्तुगीजांस हा मुलूख दिला तो एका जहाजाच्या नुकसानभरपाईपोटी, आणि दिला तो महसुलापुरता. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यवीरांनी तो सोडविला. त्या तुकड्यांत सुधीर फडके यांच्यासारखा गवई होता, हे मराठी वाचकांस सांगणे न लगे. पुढे 1955 साली पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. मागणी अशी की, दमणहून या वेढलेल्या मुलखात जाण्यासाठी भारताच्या भूमीवरून वाट मिळावी. 12 एप्रिल 1960 रोजी निकाल झाला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता. आणि भारताने कोणत्याही कर्तव्याचा भंग केलेला नाही. 11 ऑगस्ट 1961 पासून हा मुलूख रीतसर भारताचा झाला.

ह्या निकालपत्राची आठवण मला ओटीवरच्या मुलांकडे पाहताना वारंवार होते. घर हाही असाच एक चोहोबाजूंनी वेढलेला मुलूख आहे. त्याला स्वतःची भाषा असते, स्वतःची मापे असतात, स्वतःचे गणित असते. शाळा त्याच्या चारी दिशांस पसरलेली आहे. शाळेतून घरात यावयाला वाट मोकळी आहे: गृहपाठ येतो, प्रगतिपुस्तक येते, फीची चिठ्ठी येते. परंतु घरातला माल शाळेत न्यावयाचा म्हटला, तर नाक्यावर अडवला जातो. घरचा अभ्यास म्हणून आपण आज ज्याला म्हणतो तो बहुधा एकाच दिशेची वाहतूक असते. मला कुतूहल आहे ते दुसऱ्या दिशेचे.

सिल्वासाच्या कोर्टात मी रोज एक दृश्य पाहतो. वारली साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो. प्रश्न गुजरातीत किंवा हिंदीत विचारला जातो; तो आपल्या बोलीत उत्तर देतो; कोणीतरी त्याचा अर्थ सांगतो, आणि कागदावर उतरते इंग्रजी. आपल्या शेताची सीमा, बांधावरचा साग, पाटाचे वळण यांविषयी घरी तासभर बोलू शकणारा तो माणूस तिथे ‘होय’ आणि ‘नाही’ एवढ्यावर येऊन ठेपतो. नवख्या वकिलाला वाटते, हा काही दडवतो आहे. वस्तुतः तो काहीच दडवीत नसतो. त्याच्याजवळचे ज्ञान कागदापर्यंत पोचण्यास वाट नसते, इतकेच.

आता शेजारच्या मुलीची हकीगत सांगतो. तिचे नाव देण्याचे कारण नाही. पाडा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. बाप पावसाळ्यात शेती करतो आणि दिवाळी आटोपली की बायकोमुलांसह वीटभट्टीवर जातो. घरी राहते ती म्हातारी आजी. दोन वर्षांपूर्वी ही मुलगी तिसरीत होती. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी ती आमच्या कन्येबरोबर ओटीवर आली आणि कोपऱ्यात बसून राहिली. तिच्या वहीत एक गुणाकार होता: पंधरा गुणिले सात. उत्तर लिहिले होते 735. त्यावर लाल फुली होती, आणि पानाच्या तळाशी शेरा: ‘लक्ष नाही. मंद.’

वकिलाला शेरा दिसला की पुरावा पाहावासा वाटतो. 735 हा आकडा आकाशातून पडलेला नव्हता. साते पाचे पस्तीस, ते लिहिले. साते एके सात, ते त्याच्या डावीकडे लिहिले. हातचे तीन कुठे न्यावयाचे हे तिला कोणी सांगितले असेल, तरी कशासाठी न्यावयाचे हे पोचले नव्हते. पाढा चोख होता. लक्षही होते. हीच मुलगी शनिवारी-रविवारी आजीबरोबर सिल्वासाच्या बाजारात भाजी विकावयास बसते, हे आम्हांस ठाऊक होते. पावसाच्या तोंडाशी शेवळे, मग टाकळा, मग करटोली. मी तिला म्हटले, “पंधराला जुडी. मी सात घेतल्या आणि दोनशेची नोट दिली.” तिने वर पाहिलेसुद्धा नाही. “दोन जुड्या तीस, सहाच्या नव्वद, वर एक, एकशे पाच. पंच्याण्णव परत,” ती म्हणाली. मग मी वहीतला आकडा दाखवला आणि विचारले, “सात जुड्यांचे सातशे पस्तीस कोणी देईल काय?” ती इतकी हसली की माझी मुलगीही हसू लागली. त्या हसण्यात मला मंदपणाचे चिन्ह कुठे आढळले नाही.

हा अनुभव एकट्या किलवणीचा नव्हे. ब्राझिलातल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ व फळे विकणाऱ्या मुलांची अशीच पाहणी करून काही मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली ती प्रसिद्ध केली: गाडीवर बिनचूक हिशेब करणारे मूल तोच हिशेब कागदावर मांडून दिला की गोंधळते. अलीकडे, 2025 साली, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी तोच निष्कर्ष मांडला. त्यात एक गोष्ट अधिक होती, आणि ती आपल्यासारख्यांच्या घरांना लागू पडणारी आहे. जी मुले शाळेत कागदावरची उदाहरणे बरी सोडवीत, ती बाजारातला साधा हिशेब करताना अडखळत. म्हणजे नाका दोन्ही बाजूंनी बंद आहे. माझ्या परिचयाच्या कितीतरी सुशिक्षित कुटुंबांतील मुले पाचवीत अपूर्णांक शिकतात, आणि पाव किलो म्हणजे किती ग्रॅम हे त्यांस दुकानात उभे राहून सांगता येत नाही. त्यांच्यासाठी शिकवणी लावली जाते. भाजीच्या पिशवीबरोबर मात्र त्यांना कोणी पाठवीत नाही.

माझी आजी शाळेची पायरी चढली नव्हती. तिच्या माहेरी, फोंड्याकडच्या एका देवळाशेजारी, पंतोजी मुलग्यांना धूळपाटीवर अक्षरे गिरवावयास लावीत आणि संध्याकाळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशी घोकंपट्टी चाले. भिंतीपलीकडे तांदूळ निवडीत बसलेल्या मुलींनी ती ऐकून पाठ केली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज तो किती शिक्षकांना येतो, हा प्रश्न मी विचारीत नाही. पण आजीला तो यावयाचा कारण घरात पायली, शेर, आदमण होते, आणि साडेतीन शेर ही वस्तू रोज हाताखाली येत असे. आम्ही मुले काही विचारावयास गेलो की ती उत्तर देत नसे. सूप पुढे सरकवून म्हणे, “मेजून पळय.” मोजून पाहा. घरच्या शिक्षणाचे याहून मोठे शास्त्र मला अद्याप भेटलेले नाही. घोकंपट्टीचा मी पुरस्कर्ता आहे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. पाढ्याच्या मागे धान्य होते, हे मला सांगावयाचे आहे.

त्या रात्री आमच्या ओटीवर चिंचोके आले. दहा दहा चिंचोक्यांच्या पुरचुंड्या पळसाच्या पानात बांधल्या. पंधरा म्हणजे एक पुरचुंडी आणि पाच सुटे. असे सात वेळा मांडले. सुटे झाले पस्तीस. त्यांच्या तीन पुरचुंड्या बांधून झाल्यावर त्या कुठे ठेवावयाच्या हे मुलीनेच सांगितले: “सातांच्या शेजारी.” दहा पुरचुंड्या, पाच सुटे. हातचा म्हणजे बांधलेली पुरचुंडी, एवढी एक गोष्ट हाताला कळली, आणि पुढच्या आठवड्यात ती चिंचोक्यांवाचून कागदावर करू लागली. ह्या सगळ्याचा खर्च शून्य रुपये. चिंचोके घरचे, पाने कुंपणाची.

हा शोध माझा नव्हे. आमच्या शेजारच्या डोंगरावरचा आहे. मुलखाची हद्द ओलांडली की महाराष्ट्राचा पालघर जिल्हा लागतो, आणि त्यातल्या डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. बालशिक्षणाच्या या कथेचा आरंभ एका वकिलापासून होतो, हे मी सहव्यावसायिकांस अभिमानाने सांगत असतो. गिजुभाई बधेका हे वढवाणचे वकील. मुलगा झाला, त्याला कसे वाढवावे याचा विचार करता करता माँटेसोरीबाईंचे विचार हाती लागले, आणि 1916 साली ते वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. 1920 मध्ये तिथे बालमंदिर निघाले. त्यांच्याबरोबर भावनगरात काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे ठरविले की, ही विद्या शहरी मुलांपुरती राहता कामा नये. आणि 1945 साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. 1957 मध्ये दोघींनी आपले बिऱ्हाड कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांमध्ये, हलविले.

बोर्डीस त्यांच्यापुढे पहिली अडचण आली ती अशी की, वस्तीतली मुले बालवाडीकडे फिरकत ना. तेव्हा बालवाडीच उठून वस्तीच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज भारताच्या कानाकोपऱ्यात बोलला जातो. 1975 साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजनेत तो उचलला. पण त्याचा जन्म कोणा खात्याच्या कचेरीत झालेला नाही. मूल येत नाही म्हणून शाळा त्याच्या दारी गेली, त्या पावलांत झाला आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरे चरतात तिथेच फळा. माँटेसोरीबाईंची लाकडी साधने सुंदर होती, परंतु महाग. खेड्यातल्या बालवाडीस ती परवडणारी नव्हती. ताराबाई-अनुताईंनी त्यांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे, मातीची मडकी मांडली. साधनांतले तत्त्व ठेवले आणि लाकूड बदलले. आज मोठ्या शहरांतल्या दुकानांत ‘शैक्षणिक खेळणी’ म्हणून जे हजारो रुपयांस विकले जाते, त्यातले बरेचसे काम ताराबाईंनी शिंपल्यांवर भागविले असते.

भाषेचे थोडे सांगतो. आमच्या शेजारणीला पाठ्यपुस्तकात ‘नाचणी’ हा शब्द आला. चित्र पाहून ती म्हणाली, “ही नागली.” वर्गात ते चूक ठरले होते. वस्तुतः ठाणे-नाशिककडच्या सगळ्या डोंगरपट्ट्यात त्या धान्याला नागलीच म्हणतात, आणि सीमेपलीकडच्या गुजरातीतही तोच शब्द आहे. आम्ही ओटीवर ठरविले की, वाचनाची सुरुवात पुस्तकाच्या पहिल्या पानापासून करावयाची नाही; जो शब्द मुलाच्या तोंडी आहे त्याचीच अक्षरे आधी घ्यावयाची. ‘नागली’त तीन अक्षरे मिळाली. त्यांतून ‘गाल’, ‘नाग’, ‘लागली’ निघाले. ‘अ अननसाचा’ म्हणून बसण्यापेक्षा हे मला रास्त वाटते. अननस आमच्या पाड्यावर फारसा कोणी पाहिलेला नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी अनेक वर्षे खपून मराठी वाचनाची जी पद्धत बसविली, तिच्यातही मुळाक्षरांची सगळी माळ पाठ होईपर्यंत थांबावयाचे नाही, थोडक्या अक्षरांतून लगेच अर्थाचे शब्द वाचावयाचे, हाच विचार आहे. मग एक दिवस माझ्या कन्येने दुकानाची पाटी आणि एसटीची पाटी यांतली अक्षरे एकाखाली एक मांडली: मराठी ‘न’, गुजराती ‘न’, डोक्यावरची रेघ काढली की झाले. तीन लिपींच्या ह्या मुलखात मुलांना हा खेळ वाटतो, आणि तो खेळता खेळता ती तिन्ही वाचू लागतात.

वाचावयास काय द्यावे, असे मला पुष्कळ जण विचारतात. माझे उत्तर असे की, घरात आधीच छापलेले काय आहे ते पाहा. भिंतीवर कालनिर्णय असते. चतुर्थी कधी, अमावास्येला किती दिवस, हे मूल पाहून सांगो. लग्नपत्रिका, रेशनकार्ड, विजेचे बिल, तेलाच्या डब्यावरचा मजकूर, देवळाच्या जत्रेचे हस्तपत्रक, सगळे वाचनच आहे. आणि त्यात मोठ्यांना खरोखर काही जाणून घ्यावयाचे असते, म्हणून मुलाला आपण कामाचे वाटतो. गोष्टी हव्यात, हेही खरे. बालभारतीचे ‘किशोर’ 1971 पासून निघते, आणि त्याचे जुने अंक आता घरबसल्या फुकट वाचावयास मिळतात. प्रथम बुक्सने 2015 साली ‘स्टोरीवीव्हर’ नावाचा जो खुला संग्रह काढला, त्यात मराठी गोष्टी पुष्कळ आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने 2023 साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ काढला. त्यात खेळणी, बाहुल्या, कोडी आहेत. आणि ज्याला हाताने काही करावयाचे आहे त्याने पुण्याच्या अरविंद गुप्ता यांची खेळणी पाहावी. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन, घन असे काही उभे राहते की, चौकोन दाबला की कलतो आणि त्रिकोण कलत नाही, हे मुलाला बोटांनी कळते. घराच्या आढ्याला त्रिकोण का असतो, हा प्रश्न त्यानंतर आमच्या ओटीवर आपोआप निघाला. पाड्यावरच्या एका मुलाने उत्तर दिले. त्याने घर बांधताना पाहिले होते.

दूरध्वनीवरच्या अभ्यासाविषयी मी फार लिहीत नाही. 2020 च्या मार्चमध्ये शाळा मिटल्या तेव्हा पाड्यावर घरटी फार तर एक फोन होता, आणि तो बापाबरोबर कामावर जाई. अभ्यास फोनवर आला, मूल घरी राहिले. त्या काळात ज्या घरांत आजी होती, गोष्ट होती, कामात मुलाला हात लावू दिला जाई, त्या घरांतली मुले शाळेपासून फार दूर गेली नाहीत, एवढे मी पाहिले आहे.

कायद्याचे काय म्हणणे आहे? घटनेच्या 21अ या अनुच्छेदाने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला; त्याच 2002 च्या दुरुस्तीने 51अ मध्ये पालकांचे एक कर्तव्य घातले. शब्द मोठे मोजके आहेत. पालकाने मुलाला शिकवावे असे घटना म्हणत नाही. शिक्षणाची संधी द्यावी असे म्हणते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे 29 वे कलम, शक्य असेल तोवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावी, असे सांगते. ‘शक्य असेल तोवर’ हे शब्द वकिलांच्या उदरनिर्वाहासाठी घातलेले असतात, असे माझे एक ज्येष्ठ स्नेही म्हणत. दप्तराविषयीच्या 2020 च्या धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीस आठवड्यात फार तर दोन तास, असे म्हटले आहे. आपल्या ओळखीच्या घरांत संध्याकाळी सात वाजता डोकावून पाहावे; ह्या धोरणाची बातमी तिथे पोचलेली दिसणार नाही. उलट ज्या घरांत संधीची खरोखर वाण आहे, तिथे आईबाप अंधार पडेपर्यंत शेतात किंवा भट्टीवर असतात. आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळा वर्षातले कितीतरी दिवस रिकाम्या असतात, हे मी जाता जाता नमूद करतो.

पुन्हा त्या मुलीकडे. आश्विनात तिचा बाप मजकडे आला. तो येतो तो एरवी सातबाराच्या कामासाठी. त्या दिवशी निराळेच काही मनात होते. म्हणाला, “साहेब, मास्तर सांगतो पोरीच्या डोक्यात जात नाही. धाकट्या पोराला भट्टीवर सांभाळायला कोणी नाही. हिला नेऊ का?” हा प्रश्न तो मला का विचारीत होता, हे मी ओळखले. मुलगी एकदा भट्टीवर गेली की सहा-सात महिने शाळा नाही. परत येते ती पावसाच्या सुमारास, आणि मागे पडलेले मूल वर्गात बसण्याला लाजते. पाड्यावरच्या किती मुलींची शाळा अशीच सुटली, हे सांगावयास खानेसुमारी नको. परंतु त्याची अडचणही खोटी नव्हती. त्याला कायद्याचे कलम वाचून दाखविण्यात अर्थ नव्हता.

त्याच्याजवळ गेल्या हंगामाची चिठ्ठी होती. भट्टीवर जाण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यावयाची, हंगामभर दर पंधरवड्यास खर्ची घ्यावयाची, आणि शेवटी हजारी विटांच्या दराने जी मजुरी होईल तीतून दोन्ही कापून घ्यावयाची, अशी तिथली रीत. चिठ्ठीवर खर्चीचे सहा आकडे होते: 1500, 1200, 1800, 1500, 2000, 1500. मी ती मुलीपुढे ठेवली आणि काही बोललो नाही. चार आकडी संख्या तिसरीत नुकत्याच दिसू लागलेल्या. तिने शंभराच्या नोटा धरल्या. पंधरा आणि बारा सत्तावीस, अठरा पंचेचाळीस, पंधरा साठ, वीस ऐंशी, पंधरा पंच्याण्णव. “पंच्याण्णव शंभर,” ती म्हणाली, आणि जमिनीवर खडूने लिहिले: 9500. मग चिठ्ठी पाहिली, पुन्हा जमिनीकडे पाहिले, आणि बापाकडे वळून आपल्या बोलीत काहीतरी हळूच बोलली. चिठ्ठीवर बेरीज होती 10,500.

ती चूक होती की लबाडी, याचा निवाडा मी येथे करीत नाही. दुसरी बाजू मजपुढे आलेली नाही. उचल फेडण्यापायी माणूस बांधला जाऊ नये म्हणून 1976 साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. त्याची आठवण देऊन, नोटीस लिहून देऊ का, असे मी बापाला विचारले. तो म्हणाला, नको, काम जाईल. चिठ्ठीची घडी घालून त्याने ती खिशात ठेवली. आठ दिवसांनी सांगावयास आला: मुकादमाने लिहिताना चुकले असे म्हणून हजार रुपये नव्या उचलीतून कमी केले. मुलीला नेण्याविषयी तो काही बोलला नाही. दिवाळीनंतर ते गेले तेव्हा धाकट्याला पाठीशी बांधून नेले. मुलगी आजीजवळ राहिली. त्यात आईवर कामाचा किती भार पडला, हे मी जाणतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकातला शेरा त्या वर्षी बदलला नाही. चौथीत शिक्षक बदलले, आणि त्यांनी तिला फळ्यापाशी बोलावून भाजीचा हिशेब वर्गाला सांगावयास लावला, असे माझ्या कन्येकडून कळले.

यंदा ती पाचवीत आहे. जाताना बापाने तिच्यासाठी एक शंभर पानी वही आणून दिली. दर रविवारी संध्याकाळी भट्टीवरून त्याचा फोन येतो. तो आठवड्याची खर्ची आणि पाडलेल्या विटांची संख्या सांगतो, आणि ती आमच्या ओटीवर बसून दोन रकान्यांत लिहून घेते. गेल्या रविवारी तिने मधेच थांबवून विचारले, ह्या वर्षी हजारी दर किती ठरला आहे. बापाला ते सांगता आले नाही. मुकादमाला विचारून पुढच्या रविवारी सांगतो, असे तो म्हणाला. तिने तिसरा रकाना आखून ठेवला आहे.